मेघध्वजाच्या मागचं गाव

रामनगरच्या, गुंदच्या आणि आसपासच्या वाड्यांवरून आलेल्या माझ्या माणसांनो,

इथं बोलायचं ठरलं तेव्हा मी मुद्दे काढायला बसलो. माझी ती खोड तुम्हाला ठाऊक आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोणतीही गोष्ट आधी मांडून, तपासून घेतल्याशिवाय मला बोलता येत नाही. मुद्दे निघाले, त्यांचा क्रमही लागला. पण आत्ता समोर बघतो, तर तुम्ही सगळे बसला आहात ते जुन्या गावात होतात तसेच. वरच्या आळीचे मागे, बाजारातले खिडकीकडे, नदीकाठची घरं दाराशी. तुम्हाला तसं कुणी बसवलं नाही. तुम्ही आपोआप बसलात. माझा क्रम तिथंच विस्कटला. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. बाहेरच्या रस्त्यावरून गोव्याचा ट्रक गेला, तर तो जाईपर्यंत थांबू. आपल्याला घाई नाही. ज्यांना घाई होती ते आता राहिले नाहीत. रघुअण्णांना महिन्याच्या महिन्याला चित्रकथेची पानं पाठवायची घाई असायची.

आज माझ्याकडे दोन कामं आहेत. एक, चित्रकार रघुनाथ मिराशी, म्हणजे आपले रघुअण्णा, यांना तुमच्या सगळ्यांच्या वतीनं निरोप देणं. दुसरं, तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवणं. तो प्रश्न माझा नाही. अण्णांच्या सुनेचा, शारदाचा आहे. तेरावा झाल्यावर तिनं मला बोलावून सांगितलं, "काका, सभेत विचारा. मी विचारलं तर म्हणतील, सासरा जाऊन चार दिवस न्हाई झालं आनी हिला चित्राचं पडलंय." म्हणून मी विचारतो आहे. अण्णांच्या शेवटच्या चित्रकथेचं शेवटचं पान कोरं राहिलं आहे. ते कुणी काढायचं?

हा प्रश्न साधा नाही. तो साधा का नाही, हे सांगताना अण्णांची सगळी कारकीर्द सांगून होईल. म्हणून ही दोन्ही कामं मी एकच धरतो.

मंडळी, अण्णा तरुणपणी जुन्या गावातून बेळगावला गेले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. तिथल्या एका प्रकाशकांनी त्यांचा हात पाहिला. ते प्रकाशक आज आपल्यात बसले आहेत. त्यांनी विचारलं, राजपुत्र काढता येईल का? अण्णा म्हणाले, एक काढून बघतो. त्या एकाचा राजपुत्र मेघध्वज झाला. ढगावर बसून देशोदेशी हिंडणारा, दर महिन्याला एका नव्या संकटात उतरणारा, आणि कधीच घरी न पोहोचणारा. पुढे कप्तान उल्का आला. तो अवकाशातून हिंडायचा. पण हिंडायचाच. अण्णांच्या कोणत्याही नायकाला घर म्हणून नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला फार उशिरा आलं.

अण्णा स्वतः मात्र घर सोडायला तयार नव्हते. बेळगावहून ते परत गावात आले. पडवीत फळी मांडून बसत. पूर्ण झालेली पानं मेणकापडात गुंडाळून बसनं बेळगावला जात आणि छापील अंक त्याच बसनं परत येत. त्या काळातला मेघध्वज मी बारकाईनं पाहिला आहे. चेहरा सुरेख, हात सुरेख, अंगावरच्या शेल्याची एकेक चुणी सुरेख. पण त्याच्या मागं काय असे? खांब. प्रत्येक चौकटीत तेच कॅलेंडरातले खांब. मी एकदा विचारलं, "अण्णा, सगळ्या देशांत एकाच गवंड्यानं काम केलंय का?" ते हसले. म्हणाले, "पुढचं बघा हो. मागचं कोण बघतो?"

मागचं कोण बघतो! हे वाक्य लक्षात ठेवावं असं नव्हतं. पण धरणाचं पाणी गावावर चढलं, आणि आपल्याला ते लक्षात ठेवावं लागलं.

पाणी कसं चढलं, ते या सभागृहात कुणाला सांगायचं? दारं काढून नेली, चौकटी काढून नेल्या, कौलं उतरवली. ट्रक भरले. अण्णांनी फळी आणि रंगांची पेटी घेतली. रामनगरला आपल्याला जागा मिळाल्या. सरळ रेषेत, सारख्या मापाच्या. माझ्यासारख्या माणसाला खरं तर आवडाव्यात अशा. पण त्या सरळ रस्त्यांवरून पहिल्या वर्षी आपण सगळे वाट चुकत होतो. आठवतं? नव्या घरातून निघून देवळाकडे जायला पाय वळायचे, आणि समोर ट्रकचं गॅरेज यायचं.

त्याच वर्षी एक अंक आला. मेघध्वज राक्षसाच्या नगरीत उतरतो. राक्षस दात विचकून उभा आहे. आणि राक्षसाच्या मागं, मंडळी, आपल्या बाजाराच्या पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या डोक्यावर नागेशमामांचं चहाचं दुकान. पत्र्यावर ठेवलेल्या दगडांसकट.

अंक हातोहात फिरला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचला नाही, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी पहिल्यांदा पुस्तक हातात धरलं. राक्षसाकडे कुणी पाहिलंच नाही. बिचारा एवढे दात विचकून उभा, आणि लोक त्याच्या कानामागं बोट ठेवून म्हणतायत, "ही बघ आमची पायरी!"

नागेशमामा तो अंक घेऊन तरातरा अण्णांच्या दारात गेले. मी तिथं होतो. मामा, रागावू नका, मी सांगणार.

"रघू, राक्षसाच्या गावात माजं दुकान?"

"मामा, राक्षसाला चहा लागत न्हाई व्हय?"

"लागू दे की! पर बंब डावीकडं कसा? माजा बंब उजवीकडं हुता. डाव्या अंगाला बाकडं. त्यावर तूच बसून उधारीची भजी खाल्लीस आनी आता इसरलास?"

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी पेन्सिल घेतली, कोरा कागद ओढला आणि म्हणाले, "बसा. सांगा."

बसा, सांगा. हे दोन शब्द पुढं किती वर्षं रामनगरच्या त्या नव्या पडवीत घुमत राहिले! पुढच्या महिन्यात कप्तान उल्का चंद्रावर उतरला. चंद्रावर नागेशमामांचं दुकान होतं, आणि बंब उजवीकडं होता.

मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही हे ठरवून केलंत का? ते म्हणाले, "न्हाई हो. राक्षसाची नगरी कशी असती मला काय ठाऊक? नगरी काढायची म्हटल्यावर हात ठाऊक असलेल्या वाटेनं गेला." मग म्हणाले, "गाव भिजलंय. रोज थोडं थोडं वाळत घालतोय."

त्यानंतर त्या पडवीत लोकांची रीघ लागली. तुम्हीच आलात. प्रत्येकाची एक तक्रार. पार्वतीअक्का आल्या, "माझ्या दारातली तुळस विसरलास." पुढच्या अंकात कप्तान उल्काच्या यानात तुळशीवृंदावन. प्रकाशकांनी बेळगावहून विचारणा केली की यानात तुळस कशी? अण्णांनी कळवलं, माणूस लांबच्या प्रवासाला निघाला आहे, घरात तुळस नको का? प्रकाशक, तुम्ही ती तुळस ठेवलीत. त्याबद्दल ही सभा तुमची ऋणी आहे.

आणि ते दोघे भाऊ. नावं घेत नाही, शेजारी शेजारीच बसले आहेत. त्यांच्या घरांच्या मधला फणस. थोरला म्हणे माझ्या कुंपणात, धाकटा म्हणे माझ्या. अण्णांनी दोघांचंही ऐकून घेतलं. एका महिन्यात फणस इकडे, दुसऱ्या महिन्यात तिकडे. झाड पाण्याखाली गेलेलं, फणस कुणाच्याच तोंडाला लागणार नव्हता. पण दोघं भाऊ महिनाआड समाधानी असायचे.

माझीही एक तक्रार होती. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की नदी उजव्या हाताला. अण्णांनी ती डाव्या हाताला काढली होती. मी दिशांसकट सगळं मांडून दाखवलं. अण्णांनी ऐकलं आणि पुढच्या अंकात नदी उचलून जागेवर ठेवली. मंडळी, आपण काळी नदी अडवलेली पाहिली आहे. ती परत आपल्या जागेवर वाहताना मी फक्त त्या चौकटीत पाहिली. वर ढगावर मेघध्वज होता, पुढं लढाई चालली होती, आणि मागं नदी आपल्या उजव्या हाताला निवांत वाहत होती.

रामनगरात तेव्हापासून एक बोलणं रूढ झालं. बेळगावची बस आली, गठ्ठा सुटला, की पोरं ओरडायची, "मेघध्वज जिंकला काय?" आणि म्हातारी माणसं म्हणायची, "पुढचं ठेव रे तुझ्यापाशी. मागचं दाव." बाहेरगावी मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, मागचं म्हणजे मागचा अंक. आपल्याला ठाऊक आहे मागचं म्हणजे काय. चित्रात जे पाठीमागं असतं तेही मागचं, आणि आयुष्यात जे होऊन गेलं तेही मागचंच. आपल्या भाषेनं या दोहोंसाठी वेगळे शब्द ठेवले नाहीत. अण्णांनीही दोन्ही वेगळी ठेवली नाहीत.

उन्हाळ्यात पाणी उतरायचं तेव्हा ते काठावर जात. मी एकदा सोबत होतो. पाणी आरशासारखं पडलेलं, पलीकडचा डोंगर त्यात उलटा, आणि मधोमध एक शेंडा वर आलेला. देवळाचा की झाडाचा, कळत नव्हतं. मला वाटलं ते कागद काढतील. त्यांनी काढला नाही. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "इथनं काय दिसत न्हाई. पडवीतनंच बरं दिसतंय." परत येताना सबंध वाटभर मला वाटत राहिलं, की पाणी त्या गावावर नाहीच; आपणच पाण्याखाली आलो आहोत, आणि गाव वर कुठंतरी उन्हात आहे.

आता शारदाबद्दल.

शारदा खानापूरकडची. अण्णांच्या मुलाशी, वसंताशी लग्न होऊन रामनगरात आली तेव्हा गाव जाऊन वर्षं लोटली होती. तिनं त्यातला एक दगडही पाहिलेला नाही. वसंता गोव्याच्या ट्रकवर, घरात सासरा आणि सून. अण्णांचा हात कापायला लागला तेव्हा ते पेन्सिलीनं आखत आणि शारदा त्यावर शाई चढवी. पुढं डोळे गेले. मग अण्णा नुसते बोलत आणि ती आखी. सासऱ्यांना मामा म्हणत ती कसे प्रश्न विचारी, ते मी कानांनी ऐकलं आहे. "मामा, पायरी केवढी उंच? बसल्यावर गुडघा कुठं येतोय?" "मामा, पार्वतीअक्का तुळशीला पाणी घालताना तोंड रस्त्याकडं की घराकडं?" अण्णा विचारात पडत. कधी म्हणत, "हे मला कुणी विचारलंच न्हवतं." मग घरी आलेल्या माणसाला ती तेच विचारायची. गेल्या काही वर्षांत तुम्ही अंकात जे गाव पाहिलंत, ज्याला तुम्ही "रघूचा हात अजून तसाच हाय" म्हणालात, तो हात शारदाचा होता. अण्णांनी हे लपवलं नाही. ते प्रत्येकाला सांगत. तुम्हाला वाटायचं, म्हातारा सुनेचं कौतुक करतोय.

शेवटच्या कथेत मेघध्वज घरी पोहोचतो. इतकी वर्षं न पोहोचलेला राजपुत्र घरी येतो. शेवटचं सबंध पान म्हणजे एकच चौकट. ढगावरून दिसणारं सगळं गाव. आजवर अण्णांनी तुकडे काढले होते. इथं पायरी, तिथं विहीर. अख्खं गाव एका चित्रात कधीच काढलं नव्हतं. ते पान सांगायचं ते पुढं ढकलत राहिले. एका दुपारी जेवून पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. पानावर वरच्या कोपऱ्यात शारदानं आखलेला पाठमोरा मेघध्वज आहे. खाली सगळं पांढरं.

त्या पांढऱ्या जागेबद्दल आत्ता तीन मतं आहेत. प्रकाशकांचं म्हणणं, बेळगावात एक नामांकित चित्रकार आहेत, ते सुंदर राजधानी काढून देतील. त्यांची भावना चांगली आहे. शिवाय ते असंही म्हणाले आहेत, की गावानं दुसरं काही ठरवलं तर मी थांबेन. याबद्दल आभार. पण प्रकाशक, नामांकित चित्रकार खांब काढतील.

दुसरं मत नागेशमामांचं आणि त्यांच्यासोबत पुष्कळांचं. मामा परवा मला म्हणाले, "पोर गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पर जिनं गाव बघितलंच न्हाई ती गाव काढणार? पांढरं ऱ्हाऊ दे. ज्याला ठाऊक हाय त्याला पांढऱ्यातबी दिसतंय." मामा, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरीही मी तुमच्याशी सहमत नाही. तिसरं मत माझं आहे, ते पान शारदानंच काढावं. का नाही, ते ऐका. मान हलवू नका, आधी ऐका.

ज्याला ठाऊक आहे त्याला पांढऱ्यात दिसतं, हे खरं. पण ठाऊक असणारी माणसं या सभागृहात मावतात. पुढच्या खेपेला याहून लहान खोली पुरेल.

आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी कुणाला ते चित्र द्यायचं? तुम्हाला दिलं तर चहाचं दुकान मधोमध येईल. त्या दोघा भावांना दिलं तर गावभर एकच फणस. मला दिलं तर दिशा अचूक असतील आणि माणूस एकही नसेल. मी एकदा अण्णांना विचारलं होतं, तुम्ही सगळ्यांची घरं काढलीत, मग तुमचं स्वतःचं घर एकाही अंकात का नाही? ते म्हणाले, "माझं घर पुढं आलं की बाकीचं गाव त्याच्या मागं जाईल." म्हणून त्यांनी ते सोडून दिलं, मंडळी. सगळं गाव काढण्यासाठी आपलं घर सोडून देणारा तो एकच माणूस होता.

आता सांगा. ज्या गावात आपलं घरच नाही, अशी आपल्यात दुसरी कोण आहे? शारदाला त्या गावात काही लाडकं नाही आणि काही परकं नाही. तिला विसरायला काही नाही, म्हणून तिला सगळं विचारावं लागतं. तिनं काढलेल्या चित्रात चुका होतील. होऊ द्या. अण्णांच्याही झाल्या. आपण पडवीत जाऊन भांडलो, म्हणून ते गाव उभं राहिलं. ते गाव कुणा एकाला आठवत नव्हतं. आपण एकमेकांना चुकीचं ठरवत ते आठवलं. अण्णांनी ज्याला कारकीर्द म्हणावं असं जे केलं, ते माझ्या मते हेच. रेषा त्यांच्या सुरेख होत्या. राजपुत्र देखणा होता. पण देखणे राजपुत्र पुष्कळांनी काढले. आपलं चित्र लोकांपुढं ठेवून "बसा, सांगा" म्हणणारा चित्रकार मी दुसरा पाहिला नाही.

शारदा आत्ता आत बायकांमध्ये बसली आहे. तिनं मला एवढंच सांगितलं, "काका, न्हाई म्हणाले तर मी पान गुंडाळून देईन. रागावणार न्हाई." ती रागावणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती पुन्हा पेन्सिल धरणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

शोकसभेत हात वर करून मत घेत नाहीत. मीही घेणार नाही. प्रकाशकांना संध्याकाळच्या बसनं परतायचं आहे. त्याच्या आत त्यांना गावाचं म्हणणं कळेल. कसं, ते सांगतो.

आता आपण उभं राहू आणि थोडा वेळ शांत राहू. डोळे मिटा. त्या शांततेत प्रत्येकानं जुन्या गावातल्या आपल्या घरातून बाहेर पडावं आणि देवळापर्यंत चालत जावं. भरभर नको. वाटेत कुणाचं दार लागतं, कुठं चढ येतो, कुठं वाकावं लागतं, कुणाचं कुत्रं अंगावर येतं, सावली कुठून कुठवर असते, सगळं नीट बघून घ्यावं. अण्णा कुठंतरी भेटतीलच. त्यांना नमस्कार करा आणि पुढं व्हा.

सभा संपल्यावर शारदा बाहेर ओट्यावर कोरा कागद घेऊन बसेल. ज्यांना पान पांढरंच राहावं असं वाटतं, त्यांनी तिला नमस्कार करून घरी जावं. तिला कळेल. ज्यांना वाटेत काही दिसलं असेल, त्यांनी तिच्यापाशी बसावं आणि सांगावं.

नागेशमामा, तुम्हाला उभं राहायला त्रास होतो. तुम्ही बसूनच डोळे मिटा. तुमचं घर देवळापासून सगळ्यांत लांब होतं. तुम्ही पोहोचेपर्यंत आम्ही थांबू.

अण्णा, आम्ही निघालो.